वाळिवड्याच्या माहेरवाशिणी

मी डाळजची, दिली कोल्हापुरात. आजीचं माहेर जुनं पळसदेव. ते गाव उजनीच्या पाण्यात गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं. आजी काठावर उभी राहून हातानं दाखवायची, इथं आमचा उंबरा, तिथं चूल. म्हणूनच नणंदेच्या लग्नाचा बस्ता बांधायला गांधीनगरला गेलो आणि सासरे बोलता बोलता म्हणाले, ''इथं लढाईच्या वेळी पोलंडची माणसं राहायची,'' तेव्हा माझं लुगड्यांतलं लक्षच उडालं.

१९३९ साली पूर्व पोलंड सोव्हिएत फौजांनी घेतला. पुढच्या फेब्रुवारीपासून तिथली घरंच्या घरं मालगाड्यांत कोंडून सैबेरिया, कझाकस्तानकडे धाडली. १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला, तेव्हा कुठं त्यांची सुटका झाली. मग इराण, तिथून कराची, आणि १९४३ मध्ये कोल्हापूर संस्थानातलं वाळिवडे, आता जिथं गांधीनगर आहे ती जागा. पंचगंगेच्या काठच्या तिथल्या कॅम्पात सुमारे ५,००० माणसं राहिली, बहुतेक बायका आणि मुलंच. पुरुष सैन्यात होते, नाहीतर वाटेतच गेलेले.

या बायकांनी केलं काय? बराकींपुढं फुलझाडं लावली. मला हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. जिला उद्या कुठं नेतील याचा भरवसा नाही, ती दारात रोप लावते! शाळा निघाल्या, चर्च झालं, दवाखाना, नाटकं. बर्फात भावंडं पुरून आलेल्या मुली इथं परीक्षेला बसल्या, गॅदरिंगात नाचल्या, वयात आल्या.

लढाई संपली, पण परतायचं कुठं? ज्या गावांतून त्यांना उचललं होतं, ती आता सोव्हिएत हद्दीत गेली होती. १९४७-४८ मध्ये कॅम्प मोडत गेला. कोणी इंग्लंडला, कोणी आफ्रिकेला, कोणी ऑस्ट्रेलियाला. एक मुलगी मात्र थांबली. कोल्हापूरच्या एका तरुणावर तिचा जीव जडला होता. तिनं मराठी घरात लग्न केलं, नाव मराठी घेतलं, भाषा शिकली आणि जन्मभर इथंच संसार केला. लोक म्हणतात, तिला आसरा मिळाला. मला ते पटत नाही. सहा-सात वर्षं तिला दुसऱ्यांनीच इकडून तिकडं हलवलं होतं. कुठं राहायचं हे तिनं पहिल्यांदाच स्वतः ठरवलं, आणि ते एका माणसाकडं बघून ठरवलं.

रिकाम्या बराकी फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीत घरदार सुटलेले सिंधी तिथं आले, त्यांनी कापडाची पेठ उभी केली. आमचा बस्ता त्याच पेठेतला.

डाळजला गेले तेव्हा आजीला हे सगळं सांगितलं. ती गप्प ऐकत होती. त्या पोरीचं माहेर परत कधीच मिळालं नाही, हेही सांगितलं. आजीनं पदरानं डोळे पुसले आणि विचारलं, ''आन् पहिल्या पंचमीला तिला न्यायला कोण आलं गं?''