गोवा पावडर आणि सोरायसिसच्या कारणाचा शोध

सोरायसिसला मराठीत सर्वांच्या तोंडी बसलेले नाव नाही. सोलापूरच्या नवी पेठेत मलम मागायला आलेला माणूस डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेला शब्दच उच्चारतो. हा शब्द मूळचा ग्रीक, खाजेशी नाते सांगणारा. स्वतंत्र नाव नसलेला रोग दुसऱ्याच्या नावावर खपतो. सोरायसिसचा इतिहास बराचसा असाच आहे.

चरकसंहितेत कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले आहेत. त्यांतल्या एककुष्ठात त्वचा माशाच्या खवल्यांसारखी होते. आजचे अनेक वैद्य त्याचे सोरायसिसशी साम्य दाखवतात. पण 'कुष्ठ' हा शब्द पुढे महारोगाला चिकटला आणि खवले धरणारी कातडी पाहून लोक दूर सरू लागले. युरोपातही 'लेप्रा' या एकाच शब्दाखाली दोन्ही रोग वावरत होते. १८०८च्या सुमारास लंडनचे रॉबर्ट विलन यांनी सोरायसिसचे नेमके वर्णन केले, तरी 'लेप्रा' हे नाव त्यांनीही पूर्ण सोडले नाही. १८४१मध्ये व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी हा रोग महारोगापासून स्पष्टपणे वेगळा काढला. १८७३मध्ये नॉर्वेच्या हान्सेन यांना महारोगाचा जंतू दिसला. सोरायसिसचे कारण मात्र सापडायचेच होते.

याच काळात आपल्या किनाऱ्यावरून एक औषध पुढे आले. गजकर्णावर लावायची 'गोवा पावडर' मुंबईच्या बाजारात मिळत असे. मुंबईतील औषधव्यावसायिक डी. एस. केम्प यांनी १८६४मध्ये तिच्याकडे लक्ष वेधले. ती कशाची, हे मात्र कोडेच होते. ब्राझीलमधील बाहियाचे डॉक्टर दा सिल्व्हा लिमा यांनी १८७५च्या सुमारास ते सोडवले: ही त्यांच्याकडच्या एका झाडाच्या खोडातून निघणारी 'अरारोबा' भुकटी होती. बाहिया आणि गोवा, दोन्ही पोर्तुगीज अमलाशी जोडलेले. भुकटीचा प्रवास त्याच वाटेने झाला.

पुढे लंडनमध्ये बालमानो स्क्वायर यांच्या एका रुग्णाने आपला सोरायसिस गजकर्ण समजून हीच पावडर लावली आणि चट्टे ओसरले. स्क्वायर यांनी मग हा उपचार रूढ केला. पावडर कातडीला आणि कपड्यांना डाग पाडी, डोळ्यांत गेली तर आग होई. तरी ती चालली. पहिल्या महायुद्धात जर्मनीला अरारोबा मिळेनाशी झाली, तेव्हा तिच्यातील क्रायसारोबिनला पर्याय म्हणून १९१६मध्ये डिथ्रॅनॉल आले. ते पुढे अनेक दशके वापरात राहिले.

गजकर्ण बुरशीमुळे होते. त्याचेच औषध लागू पडले म्हणजे हाही रोग बुरशीचा, असा तर्क सहज सुचतो. तो चुकीचा आहे. डिथ्रॅनॉल चट्ट्यातील पेशींची बेसुमार वाढ रोखते. निरोगी त्वचेच्या वरच्या थराला नवा व्हायला सुमारे महिना लागतो. सोरायसिसच्या चट्ट्यात तेच काम काही दिवसांत उरकते, आणि अर्धवट तयार झालेल्या पेशी खवल्यांच्या रूपाने साचतात.

पण ही घाई कोण करायला लावतो? हाइनरिश कब्नर यांनी १८७०च्या दशकात दाखवले होते, की खरचटले, गोंदून घेतले, की रुग्णाच्या चांगल्या दिसणाऱ्या त्वचेवरही त्याच जागी चट्टा उठतो. म्हणजे रोगाची तयारी चट्ट्यापलीकडेही होती. उलगडा १९७९मध्ये सुरू झाला, तोही असाच आडवाटेने. अवयवरोपणासाठी प्रतिकारशक्ती दाबणारे सायक्लोस्पोरिन सांधेदुखीच्या रुग्णांना देऊन पाहिले, तर त्यांतल्या काहींचा सोरायसिसही ओसरला. दोष केवळ कातडीचा नव्हता. शरीराच्या संरक्षक पेशीच तिला चेतवत होत्या. पुढे आयएल-२३ आणि आयएल-१७ हे त्यांचे निरोप्ये ओळखले गेले आणि त्यांना अडवणारी औषधे निघाली. आनुवंशिकतेचा वाटा मोठा, तरी एकरूप जुळ्यांपैकी दोघांनाही रोग होतोच असे नाही. घशाचा जंतुसंसर्ग, मानसिक ताण, काही औषधे, धूम्रपान यांनी ठिणगी पडते.

म्हणून गुण आला एवढ्यावरून कारण ठरवणे धोक्याचे. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी चट्टे झपाट्याने जातात, पण त्या एकाएकी थांबवल्या की रोग अधिक उग्र होऊन उसळू शकतो.

२०१४मध्ये जागतिक आरोग्य सभेने सोरायसिस हा असंसर्गजन्य दीर्घकालीन आजार असल्याचे ठरावाने नोंदवले. तो शेजारी बसल्याने, एका ताटात जेवल्याने लागत नाही. भारतात महारोग हे घटस्फोटाचे कायदेशीर कारण २०१९पर्यंत होते; त्या भीतीची सावली ज्यांना तो रोग नव्हता, त्यांच्या अंगावरही पडत आली. गजकर्ण समजून पावडर लावणाऱ्याची चूक जगाच्या उपयोगी पडली. महारोग समजून माणसे दूर ठेवण्याच्या चुकीने मात्र कोणाचेच भले झाले नाही.