रांगेतला मुक्काम

'तात्पुरता' हा शब्द सरकारी कागदावर दिसतो तितका निरुपद्रवी नसतो. तात्पुरत्या पत्र्याच्या शेडमध्ये भरलेली शाळा तिसऱ्या पिढीलाही त्याच पत्र्याखाली बाराखडी शिकवीत असते, हे आम्हां मास्तर मंडळींना ठाऊक आहे. पण हजारो सुशिक्षित कुटुंबांनी तात्पुरतेपणातच संसार मांडावा, घरे घ्यावीत, मुलांच्या मुंजी आणि बारसी करावीत, आणि उमेदीची सारी वर्षे त्यातच घालवावीत, हा प्रकार पाहायचा तर अमेरिकेत नोकरीला गेलेल्या आपल्या माणसांकडे पाहावे. ज्या घरचा मुलगा तिकडे आहे, त्या घरी फराळाचा डबा पाठवताना दोन शब्द कानांवर हमखास येतात: एक 'ग्रीन कार्ड' आणि दुसरा 'एक्स्टेन्शन'. पहिल्याची वाट पाहायची आणि दुसऱ्यावर जगायचे. पहिल्याविषयी पुष्कळ बोलले जाते. हा दुसरा शब्द, म्हणजे नोकरीच्या परवान्याची मुदतवाढ, कोठून आला आणि त्याने माणसांचे काय केले, हे सहसा कोणी सांगत नाही.

मुळात आपल्या लोकांना अमेरिकेत कायमचे राहू द्यायचे की नाही, हाच प्रश्न तिकडे फार दिवस होता. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानसह आशियाचा मोठा भाग प्रवेशासाठी बंद केला. १९२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल दिला की, हिंदी मनुष्य कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नव्हे, सबब त्याला नागरिकत्व नाही. ज्यांना ते आधीच मिळाले होते त्यांचेही काढून घेण्यास सरकारने सुरुवात केली. त्या यादीत थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित हेही होते. पंडित मूळचे अहमदाबादचे, १९१४ साली कॅलिफोर्नियात नागरिक झालेले. त्यांनी न्यायालयापुढे मांडलेले म्हणणे आजही वाचण्यासारखे आहे. त्याचा मथितार्थ असा की, तुमच्याच न्यायालयाने मला एकदा आत घेतले. त्या शब्दावर विसंबून मी वकिली उभी केली, लग्न केले, घरदार केले. आता तो शब्द मागे कसा घेता? १९२६ साली वरिष्ठ न्यायालयाने हे मान्य केले, आणि १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्याचे नाकारले. पंडित राहिले. सरकारने दिलेल्या कागदावर माणूस आयुष्य उभारतो, म्हणून तो कागद हलका समजू नये, हे तत्त्व तेथे एका हिंदी वकिलाने झगडून मिळवले. पुढच्या कथेत ते वारंवार आठवेल.

१९४६ साली दार किलकिले झाले: वर्षाला १०० हिंदी माणसे! १९६५ च्या कायद्याने ते खरे उघडले. प्रत्येक देशाला वर्षाला २०,००० पर्यंत जागा आल्या. त्या लाटेत गेलेले पहिले डॉक्टर आणि इंजिनियर यांना रांग अशी फारशी माहीतच नव्हती. त्यांच्यापैकी कित्येकजण कायम वास्तव्याचा कागद खिशात घालूनच विमानातून उतरले. आज पंचाहत्तरी-ऐंशीत असलेले हे काका जेव्हा पुतण्याला म्हणतात, "अरे, तुझे अजून झाले नाही?" तेव्हा त्यांच्या प्रश्नात दुष्टावा नसतो; त्यांचा कायदाच निराळा होता.

दुसरीकडे, १९५२ च्या कायद्यापासून परदेशी तज्ज्ञाला ठराविक काळापुरते बोलावण्याची एक वेगळी वाट होती. १९९० साली थोरल्या बुश यांनी सही केलेल्या कायद्याने तिला आजचे 'एच-वन-बी' हे रूप दिले. वर्षाला ६५,००० नवे परवाने. तीन आणि तीन मिळून सहा वर्षांची मर्यादा. या परवान्याची एक खुबी अशी की, येथे कायमचे राहण्याची इच्छा मनात असली तरी तो नाकारला जात नाही. विद्यार्थ्याला किंवा पाहुण्याला 'मी परत जाणार' असे पटवून द्यावे लागते, एच-वन-बीवाल्याला नाही. म्हणजे कायद्यानेच त्याला सांगितले: ये, काम कर आणि वाटल्यास कायम राहण्यासाठी अर्ज कर.

आणि त्याच १९९० च्या कायद्यात पुढचा घोळ दडलेला होता. नोकरीच्या आधारावर द्यायची ग्रीन कार्डे वर्षाला सुमारे १,४०,०००, त्यांत बायका-मुलेही धरलेली. आणि कोणत्याही एका देशाला त्यांपैकी सात टक्क्यांहून अधिक नाहीत. सात टक्के म्हणजे ९,८००. आइसलँडलाही तेवढीच कमाल आणि हिंदुस्थानलाही तेवढीच! परवान्यांना मात्र देशवार मर्यादा नव्हती. नळ एका मापाचा आणि मोरी दुसऱ्या मापाची असली म्हणजे हौदाचे काय होते, हे गणित आम्ही मुलांना घालतो.

यातली आणखी एक गंमत सांगितली पाहिजे. हा देश ठरतो तो पासपोर्टावरून नव्हे, जन्मस्थळावरून. शाळेच्या दाखल्यावर जन्मस्थळाचा रकाना असतो. गाव, तालुका, जिल्हा लिहून आपण पुढे सरकतो. पण साताऱ्यात जन्मलेला भाऊ हिंदुस्थानच्या रांगेत उभा राहतो आणि वडील मस्कतला नोकरीस असताना तेथे जन्मलेला धाकटा ओमानच्या रांगेत. ती रांग कित्येक वर्षे जवळजवळ रिकामी असे. एकाच आईबापांचे दोघे. धाकटा दोन-तीन वर्षांत मोकळा आणि थोरला पंधरा वर्षे तिष्ठत. नवरा-बायकोंपैकी एकाच्या जन्मदेशाचा फायदा दुसऱ्यालाही घेता येतो. तेव्हा जन्मस्थळ विचारणारे केवळ आपले ज्योतिषीच आहेत असे नव्हे.

ज्योतिषाचा विषय निघालाच आहे तर त्यांच्या पंचांगाविषयीही सांगतो. दर महिन्याला तेथील परराष्ट्र खाते 'व्हिसा बुलेटिन' काढते. त्यात प्रत्येक देशापुढे एक तारीख असते. तिच्या आधी ज्याचा अर्ज नोंदला गेला त्याची पाळी आली. ही तारीख पुढे सरकते, थांबते आणि कधी वक्रीही होते. २०१२ साली हिंदी पदवीधरांच्या वरच्या वर्गाची तारीख एकदम मागे जाऊन २००४ वर बसली. आता हाताशी आले म्हणणारे पुन्हा वेशीबाहेर गेले.

सहा वर्षांची मर्यादा आणि त्याहून लांब रांग यांची टक्कर व्हायचीच होती. सहावे वर्ष संपले की, कायम वास्तव्याचा अर्ज खात्याच्या कपाटात असतानाच अर्जदाराने देश सोडून जायचे! १७ ऑक्टोबर २००० रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी 'एकविसाव्या शतकातील अमेरिकी स्पर्धाक्षमता' अशा भारदस्त नावाच्या कायद्यावर सही केली. त्यात तीन वर्षांसाठी नवे परवाने १,९५,००० पर्यंत वाढवले, म्हणून वर्तमानपत्रांनी तेवढेच छापले. खरी महत्त्वाची कलमे आत होती. ज्याची कायम वास्तव्याची प्रक्रिया सुरू होऊन ३६५ दिवस लोटले, त्याला सहा वर्षांपुढे एकेक वर्षाची वाढ. मालकाने केलेला अर्ज मंजूर झाला, पण केवळ देशाच्या कोट्यामुळे जागा नाही, त्याला तीन-तीन वर्षांची वाढ. आणि ती कितीदा, यावर बंधन नाही.

या कायद्याने हजारो घरे वाचवली यात शंका नाही. पण रस्ता रुंद करायचा नाही, म्हणून वाटेत धर्मशाळा बांधून दिली, असेच ते झाले. धर्मशाळेत एक-दोन रात्री काढायच्या असतात. २००५ पासून रांग लांबतच गेली आणि लोकांनी तेथे चुली मांडल्या.

या मुक्कामाचे नियम कसे असतात? मुदत संपण्यापूर्वी मालकाने वाढीचा अर्ज टाकला तर निकाल येईपर्यंत २४० दिवस काम चालू ठेवता येते. अर्ज नोकराचा नव्हे, मालकाचा. म्हणजे मालक रुसला की सारेच रुसले. बऱ्याच राज्यांत गाडी चालवण्याचा परवानाही याच तारखेला बांधलेला असतो. शिवाय मुदत वाढली तरी पासपोर्टावरचा शिक्का जुनाच राहतो. पूर्वी तो अमेरिकेतच बदलून मिळे. जुलै २००४ पासून ती सोय बंद झाली. मग वडिलांच्या आजारपणाला आलेला मुलगा आधी मुंबईत ब्रीच कँडीच्या लिंकन हाउसपाशी, आणि २०११ नंतर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या नव्या वकिलातीपाशी उभा राहू लागला. शिक्का वेळेवर मिळाला नाही तर इकडे वडील आणि तिकडे नोकरी, घराचे हप्ते, शाळेत अडकलेली मुले. या भीतीने न आलेल्या मुलांची गणती कोणी ठेवलेली नाही.

रांगेतल्या या माणसांनी एकदाच सर्वांच्या लक्षात राहील असा आवाज केला, आणि तो फुलांचा होता. जून २००७ च्या मध्यास जुलैचे बुलेटिन निघाले: जवळजवळ सर्व वर्गांची तारीख खुली! ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज आत गेला की स्वतंत्र काम-परवाना मिळतो, बायकोलाही मिळतो, मालकाची दोरी सैल होते. लोकांनी धावपळ करून डॉक्टरी तपासण्या केल्या, फोटो काढले, कोणी हिंदुस्थानातली रजा अर्धी टाकून परतले. २ जुलैला सरकारने जाहीर केले की जागा संपल्या, एकही अर्ज घेणार नाही. आदल्याच वर्षी 'लगे रहो मुन्नाभाई' हा चित्रपट येऊन गेला होता. त्यातली 'गांधीगिरी' आठवून या लोकांनी खात्याचे संचालक एमिलिओ गोन्झालेझ यांच्या पत्त्यावर शेकडो पुष्पगुच्छ धाडले. संचालकांनी ती फुले वॉल्टर रीड येथील लष्करी रुग्णालयात जखमी सैनिकांकडे पाठवली. १७ जुलैला सरकारने माघार घेतली आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज स्वीकारले. मुंबईच्या पडद्यावरची युक्ती वॉशिंग्टनला लागू पडली, याचे कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही. त्या महिन्यात जे आत गेले त्यांना स्वतंत्र परवाना मिळाला. त्यांच्या मागच्यांतले बहुतेक पुन्हा मालकाच्या मुदतवाढीवर.

बायकांची हकिकत तर निराळीच. नवऱ्याच्या एच-वन-बीवर गेलेली इंजिनियर, डॉक्टर, प्राध्यापिका तिकडे केवळ 'अवलंबित'. तिला कमावण्याची बंदी. २६ मे २०१५ पासून, नवऱ्याचा अर्ज मंजूर झाला असेल किंवा त्याला सहा वर्षांपुढची वाढ मिळाली असेल तर, तिला काम-परवाना मिळू लागला. म्हणजे नवऱ्याच्या तात्पुरतेपणावर बायकोचा तात्पुरतेपणा चढवला. तिच्या परवान्याचे नूतनीकरण रेंगाळले तरी अर्जाच्या पावतीवर काम चालत राहावे अशी सोय मधल्या काळात झाली होती. ३० ऑक्टोबर २०२५ आणि त्यापुढच्या अर्जांना तीही काढून घेतली.

हा सारा डोलारा किती नाजूक आहे हे २२ फेब्रुवारी २०१७ च्या रात्री कॅन्सस राज्यातील ओलेथ येथे दिसले. हैदराबादच्या एका तरुण इंजिनियरला, 'माझ्या देशातून निघून जा' असे ओरडत एका माणसाने गोळ्या घातल्या. त्याच्या बायकोचा तेथे राहण्याचा हक्क नवऱ्याच्या परवान्यातून आलेला; तो त्याच्याबरोबर गेला. अंत्यसंस्कारांसाठी मायदेशी आलेल्या त्या विधवेला परत जाता यावे म्हणून एका काँग्रेस-सदस्याला खटपट करावी लागली. येथे पंडितांचा युक्तिवाद करायला कोणी नव्हते, आणि असता तरी चालला नसता. तिच्या हाती असलेला कागद कायमचा आहे असे सरकारने कधी म्हटलेच नव्हते.

मुलांना एकविसावे वर्ष लागते ते वेगळेच. तिसऱ्या वर्षी गेलेले, तिकडेच वाढलेले मूल एकवीस पूर्ण करते आणि आईबापांच्या अर्जातून गळते. २००२ च्या कायद्याने वयाच्या हिशेबातून काही महिने वजा करण्याची सवलत दिली, पण पंधरा-पंधरा वर्षांच्या रांगेपुढे ती अपुरी पडते. मग त्या मुलाने आपल्याच गावातल्या कॉलेजात परदेशी विद्यार्थी म्हणून नाव घालायचे, किंवा ज्या देशाची त्याला फक्त उन्हाळी सुट्टी आठवते त्या देशात, म्हणजे आपल्याकडे, परत यायचे.

देशवार कोटा उठवण्याचे विधेयक १० जुलै २०१९ रोजी प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झाले. त्या दिवशी न्यू जर्सीपासून नाशिकपर्यंत फोन खणखणले असतील. सिनेटने २ डिसेंबर २०२० रोजी त्याचा बदललेला मसुदा मंजूर केला. पण दोन्ही गृहांचा मसुदा एक होण्यापूर्वीच ३ जानेवारी २०२१ रोजी त्या काँग्रेसची मुदत संपली आणि विधेयकही तिच्याबरोबर संपले. त्याला मुदतवाढीची सोय नव्हती.