खाली दगड, वर लाकूड

मान मागे टाका. अजून थोडी. डोक्यावर पागोटं असेल तर एका हातानं धरून ठेवा.

साल १८२५च्या आसपासचं आहे. तुम्ही इंदुरात उभे आहात आणि समोर परांचीच्या बांबूंमधून होळकरांचा राजवाडा वर निघाला आहे. खालचे तीन मजले दगडाचे, त्यांवर चार लाकडाचे. आजूबाजूची घरं एका माडीची, फार तर दोन माड्यांची. माळव्याचं पठार सपाट, त्यामुळे दुरून येणाऱ्या गाडीवानाच्या नजरेला गावाआधी हा वाडाच पडत असणार.

डाव्या हाताला चुन्याची घाणी चालू आहे. गोल चर, त्यात दगडी चाक, चाकाला जुंपलेला बैल. चुना आणि वाळू भरडली जाते आहे आणि एक बाई मधूनमधून गुळाचं, बेलफळाचं पाणी त्यात ओतते आहे. शेजारी मेथी आणि उडीद भिजत पडलेत. बांधकामाच्या जागी स्वयंपाकघराचा वास येतोय म्हणून तुम्ही वाकून बघता, तेवढ्यात गवंडी ओरडतो, "पाव्हणं, बाजूला व्हा, चुना उडंल डोळ्यांत!"

तुम्ही देवडीकडे वळता. लोखंडी खिळ्यांनी मढवलेला दरवाजा एवढा मोठा, की त्याच्यापुढे पहारेकरी पोरगेला वाटतो.

"कुठले?"

"पुण्याचे."

"मग शनवारवाडा पाहिलाच असेल. तोही सात मजली म्हणतात."

तुम्ही नुसती मान डोलावता. आणखी तीन वर्षांनी, फेब्रुवारी १८२८मध्ये, तो शनवारवाडा पेटेल, कित्येक दिवस जळत राहील आणि पुढे लोक जोतं, तट आणि दिल्ली दरवाजा पाहून परत जातील, हे त्याला सांगितलंत तर तो तुम्हाला आत सोडणार नाही. पहिल्या बाजीरावाला १७३०मध्ये तो वाडा दगडातच बांधायचा होता, पण दगडी वाडा छत्रपतींनाच शोभतो असा साताऱ्याहून सूर निघाला आणि दगड जोत्यावर थांबला, असं सांगतात. इथे दगड तीन मजले चढला आहे. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आत शिरलात की जिना शोधावा लागतो. तो भिंतीच्या पोटातून जातो. अंधारा, अरुंद, पायऱ्या गुडघ्याएवढ्या उंच. हल्ला झालाच तर शत्रूला एकेकट्यानंच वर यावं लागावं, हा त्यामागचा हिशेब. दोन मजल्यांत तुमची छाती भरून येते आणि वाड्यांची एक जुनी रीत कळते: मान खालच्या मजल्यांना. दरबार, बैठक, पूजा, पंगत हे सगळं खाली. वर वारा, पहारा आणि पारवे. लिफ्ट आल्यावर हे उलटं झालं. शिकागोत १८८५मध्ये लोखंडी सांगाड्यावर दहा मजल्यांची होम इन्शुरन्स बिल्डिंग उभी राहिली, जिला जगातली पहिली गगनचुंबी इमारत म्हणतात, आणि तिथून पुढे सगळ्यात वरचा मजला सगळ्यात महाग झाला. १८२५मध्ये सातव्या मजल्यावर राहायची हौस कुणालाच नाही. तो राहण्यासाठी बांधलेला नाही, खालून दिसण्यासाठी बांधला आहे.

तरी तुम्ही वर पोहोचा. सागवानी खांब, महिरपी, बाहेर झेपावलेले झरोके. नदीपलीकडे जुनं इंदूर दिसतं; रावराजा नंदलाल मंडलोईंच्या घराण्याचा रावळा तिकडचा. शहराच्या दुसऱ्या अंगाला झाडीत कोठी आहे, तिथे इंग्रजांचा रेसिडेंट राहतो. हे दृश्य नीट बघून घ्या. २१ डिसेंबर १८१७ला महिदपूरला होळकरांची फौज मोडली, ६ जानेवारी १८१८ला मंदसौरचा तह झाला, मुलूख गेला, स्वतंत्र कारभार गेला आणि राजधानी इंदुरात आली. गादीवर दुसरे मल्हारराव होते, वय अवघं अकरा-बारा वर्षांचं. कारभार तात्या जोगांच्या, म्हणजे विठ्ठल महादेव किबे यांच्या हाती आला. तलवार काढून घेतलेल्या दौलतीनं सात मजले चढवले आणि ज्यांच्या हाती खरी सत्ता आली, ते झाडीतल्या कोठीत राहिले. उंच कोण आणि वरचढ कोण, हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे इंदूरकरांना या झरोक्यातून रोज दिसत असणार.

आता जिना उतरा आणि चोवीस वर्षं मागे चला. ऑक्टोबर १८०१. इथे फार वेळ थांबू नका.

वाडा इथे आधीपासून होता. नीरेकाठच्या होळ गावातून निघालेल्या धनगराच्या पोरानं, सुभेदार मल्हारराव होळकरांनी, तो बांधायला घेतला. साल १७४७ सांगतात. त्यांच्यानंतर अहिल्याबाईंनी दौलत महेश्वरहून चालवली. आज मात्र यशवंतराव होळकर आणि दौलतराव शिंदे यांचं वैर इंदुराच्या वेशीत आलं आहे. जुलैत उज्जैनला यशवंतरावांनी शिंद्यांची पलटण कापली, त्याचा सूड घ्यायला दौलतरावांचे सासरे सर्जेराव घाटगे आलेत. गाव लुटलं जातंय. तुमच्या डोळ्यांदेखत तुळया पेटतात, कडीपाट कोसळतो. राग वरच्या मजल्यांच्या लाकडावर निघतो आणि खाली दगड काळे पडत उभे राहतात. या आगीची धग एका वर्षात पुण्याला लागते: २५ ऑक्टोबर १८०२ला यशवंतराव हडपसरला पेशवा आणि शिंद्यांच्या फौजा मोडतात, दुसरा बाजीराव पळतो आणि डिसेंबर सरता सरता वसईचा तह करतो. मराठी राज्याच्या शेवटाची एक वात या चौकात पेटली होती.

पुढे चला. १८३४मध्ये पुन्हा आग लागते, पुन्हा डागडुजी होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे येते, गिरण्या येतात आणि राजघराणं उंचीवरून खाली उतरतं. लालबाग पॅलेस १८८६पासून पुढची पस्तीस वर्षं शहराबाहेर ऐसपैस पसरत जातो. १९३०च्या दशकात धाकटे यशवंतराव तर जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियसकडून माणिकबाग बांधून घेतात: आडवं, साधं, त्या काळी युरोपातही नवं वाटावं असं घर. श्रीमंती आता आडवी मोजतात. चौकातला उंच वाडा देवघर, दरबार आणि सणवार यांच्यासाठी उरतो.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या एका दिवाळीत थोडं रेंगाळा. १९१७मध्ये इथे मराठी साहित्य संमेलन भरून गेलं आहे, पण रस्त्यात चर्चा वेगळीच चालू आहे: एक दाढीवाला स्कॉटिश म्हातारा हातात नकाशा घेऊन गल्ल्यागल्ल्यांतून हिंडतो आणि लोक त्याला टाळतात, कारण प्लेगच्या दिवसांत साहेब गल्लीत शिरला म्हणजे घर पाडणार असा समज आहे. तो पॅट्रिक गेडेस. इंदूरच्या नगररचनेवरचा त्याचा दोन खंडांचा अहवाल १९१८मध्ये येतो. लोकांच्या मनातली भीती घालवायला त्यानं महाराजांकडून दिवाळीची मिरवणूक मागून घेतली आहे. ती नेहमीच्या वाटेनं जाणार नाही; ज्या गल्ल्यांनी घरं झाडली, सारवली, दुरुस्त केली, त्यांतूनच जाणार. म्हणून शहरभर खराटे फिरताहेत. मिरवणुकीत अस्वच्छतेचा राक्षस आहे, प्लेगचा अजस्र उंदीर आहे आणि शेवटी दोघांचं दहन आहे. या गर्दीत कुणाला सांगून बघा, की शंभर वर्षांनी, २०१७पासून, देशातल्या सगळ्यात स्वच्छ शहराचा मान हेच गाव वर्षानुवर्षं सोडणार नाही. ते हसतील. तुम्हीही हसा आणि पुढे व्हा.

१९८४च्या नोव्हेंबरात आवाज न करता उभे राहा. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर देशात शीख माणसांवर हल्ले होत आहेत, इंदूरही त्यातून सुटलेलं नाही. त्या दंगलीत राजवाडा जळतो. तिन्ही आगींत ही सगळ्यात मोठी. मागचा भाग जवळजवळ संपतो, दर्शनी भाग तेवढा उभा राहतो. पुढची वीस-बावीस वर्षं पर्यटक समोरून फोटो काढतात आणि त्यामागे फारसं काही उरलेलं नाही, हे फोटोत दिसत नाही.

आणि मग २००६-०७. उषाराजे होळकरांनी मागचा भाग पुन्हा बांधायचं ठरवलं आहे. वास्तुकार हिमांशू दुडवडकर आणि श्रेया भार्गव. सिमेंट-काँक्रीटचा सांगाडा घालून वरून जुनं रूप चढवणं सोपं होतं. त्याऐवजी दगड, वीट, चुना आणि माती हेच साहित्य वापरून वाडा पहिल्या धाटणीत उभा राहिला.

यावर तज्ज्ञांत मतभेद होऊ शकतात आणि ते बिनबुडाचे नाहीत. जुन्या वास्तूंच्या जतनासाठी १९६४मध्ये मान्य झालेली व्हेनिसची सनद म्हणते, की नवा भाग जुन्यात मिसळावा, पण तो नवा आहे हे ओळखू यावं. नाहीतर इतिहासाची फसवणूक होते. संगमरवरी देवळाला हा नियम शोभतो. वाड्याचं तसं नाही. वाड्याची तुळई कुजली की बदलतात, गिलावा दर काही वर्षांनी नव्यानं होतो, कौलं दर पावसाळ्याआधी चाळतात. दुरुस्ती थांबली की वाडा पडतो. १७४७चं लाकूड १८०१मध्ये गेलं, तात्या जोगांच्या काळातलं पुष्कळसं नंतर गेलं. तरी हा राजवाडाच राहिला, कारण प्रत्येक वेळी कुणीतरी त्याच दगडांवर तेच मजले चढवले.

आज संध्याकाळी या. बाहेर बागेत अहिल्याबाईंचा पुतळा आहे, आत मल्हारी मार्तंडाचं देऊळ. "भिया, जरा हटना," म्हणत रिक्षावाला तुमच्या पायाशी थांबेल. अंधार पडला की सराफ्यात दागिन्यांची दुकानं मिटतील आणि त्यांच्यासमोर भुट्ट्याचा कीस, गराडू, जिलेबी यांच्या कढया लागतील. पण जमलं तर फाल्गुनात या. होळकरांच्या काळापासून चालत आलेली सरकारी होळी याच वाड्यासमोर पेटते. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते, गुलालाचे लोट वरच्या मजल्यांपर्यंत उडतात आणि वाड्याला डाग लागू नये म्हणून त्याला आधीच झाकून ठेवतात. तीनदा जळालेल्या लाकडासमोर दरवर्षी आग लावायची आणि पाच दिवसांनी त्यालाच रंगापासून जपायचं, यात इंदूरकरांना काही वावगं वाटत नाही. वाडा वापरायचा असेल तर तो खराब होणार आणि खराब झाला तर दुरुस्त करायचा, एवढा सरळ त्यांचा हिशेब आहे.

शनिवारवाड्याच्या जोत्यांभोवती आज हिरवळ आहे. ती देखणी आहे, नीट राखलेली आहे. पण तिच्यासमोर होळी पेटवायला कुणी जमत नाही.