व्हॉट्सॲपवर आधारचा फोटो पाठवताय? फोटोला कुलूप कुठे असतं आणि कुठे नसतं, समजून घ्या

कळवणमध्ये कांद्याचे पैसे जमा व्हायचे असोत, पीक विमा असो की कॉलेजची ॲडमिशन, 'आधार आणि पासबुकचा फोटो व्हॉट्सॲप करा' हे ठरलेलंच. पण हा फोटो किती सुरक्षित असतो?

वाटेत फोटो कुणी पाहू शकतं का?

नाही. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपवर एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आहे. तुमच्या फोनवरच फोटोचं रूपांतर न वाचता येणाऱ्या माहितीत होतं. सर्व्हरवर तीच साठते. ती उघडणारी किल्ली मेसेजमधून थेट समोरच्याच्या फोनवर जाते.

मग धोका कुठे आहे?

फोटो पोहोचल्यावर. समोरच्याने तो उघडला की कुलूप संपलं. पुढे तो त्याच्या गॅलरीत, दुकानातल्या कॉम्प्युटरवर किंवा एखाद्या ग्रुपवर राहतो. 'एकदाच पाहा' हा पर्याय स्क्रीनशॉट रोखतो, पण दुसऱ्या फोनने स्क्रीनचा फोटो काढता येतोच.

टेलिग्रामच्या साध्या चॅटमध्ये एंड-टू-एंड एन्क्रिप्शन नसतं, ते फक्त 'सीक्रेट चॅट'मध्ये असतं. फेसबुक पोस्टलाही असं कुलूप नसतं.

काय करता येईल?

१. मास्क्ड आधार द्या. यूआयडीएआयच्या वेबसाइटवर ते मोफत मिळतं. त्यात १२ पैकी पहिले ८ अंक झाकलेले असतात. या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मवर्ष. ओळखीच्या माणसाला तो सहज कळू शकतो, त्यामुळे फक्त त्या पासवर्डवर विसंबू नका.

२. फोटो झिप फाइलमध्ये लॉक करा. कॉम्प्युटरवर सेव्हन-झिप, तर अँड्रॉइडवर झेडआर्काइव्हर वापरता येतं. एईएस-२५६ हा पर्याय निवडा आणि पासवर्ड मोठा ठेवा.

३. पासवर्ड फोन करून सांगा. त्याच चॅटमध्ये लिहिला, तर कुलपालाच किल्ली लटकवल्यासारखं होईल.

४. फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. काही ॲप्स फोटोलाच एन्क्रिप्ट करून रंगीबेरंगी ठिपक्यांचं चित्र बनवतात. ते फोटो म्हणून पाठवलं, की सोशल मीडिया त्याचा आकार कमी करतं. त्यात मूळ माहिती बदलते आणि योग्य पासवर्ड टाकूनही फोटो नीट उघडत नाही.

५. काम झालं की फोटो डिलीट करायला सांगा. तुमच्या चॅटचा बॅकअपही तपासा. व्हॉट्सॲप बॅकअपचं एन्क्रिप्शन सेटिंगमध्ये आहे का, ते पाहा.

गैरवापर झालाच तर?

खात्यातून पैसे गेले असतील, तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. बाकी तक्रारी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर ऑनलाइन नोंदवता येतात.