वाकिनखेड्याचे नेमबाज

शहागंजपासून सुमारे २५ किलोमीटरवर, खुलताबादेत, औरंगजेब आणि पुढे पहिला निजाम झालेला चिन किलिच खान या दोघांच्याही कबरी आहेत. १७०५ साली या दोघांना एका लहानशा किल्ल्याने, खरे तर त्यावरील नेमबाजांनी, अडवून धरले होते.

तो किल्ला म्हणजे वाकिनखेडा, आजच्या कर्नाटकातील सुरपूरजवळचा. तेथे बेरडांचा नायक पिड्या याची सत्ता होती आणि बेरड हे दख्खनेतील नामांकित बंदूकवाले.

त्यांचे शस्त्र तोड्याची बंदूक. पेटता तोडा दारूला टेकला की बार उडे. नळी लांब, पण आतून गुळगुळीत. रायफलीसारखे आटे नसल्याने गोळीला फिरकी मिळत नसे. बार भरण्यासही वेळ लागे. मात्र खडकाआड बसून सावकाश नेम धरणाऱ्याला या उणिवा फारशा बाधत नसत; बाधा होई ती खाली उघड्यावर मोर्चे खणणाऱ्यांना. (‘स्नायपर’ हा शब्द नंतरचा. १७७०च्या दशकात हिंदुस्थानातील ब्रिटिश अधिकारी स्नाइप, म्हणजे पाणलावा, या चपळ पक्ष्याची शिकार करीत. त्यावरून तो आला.)

वेढा फेब्रुवारीत पडला. मोगलांनी लाल टेकडी जिंकली, पण बेरडांच्या माऱ्यापुढे ती सोडावी लागली. पुढे धनाजी जाधव मदतीस आले. एप्रिलअखेर बादशाही फौज आत शिरली, तेव्हा पिड्या आपल्या माणसांसह निसटला होता.

औरंगजेबाचा हा अखेरचा वेढा.