मॉरिशसच्या ‘जुन्या प्रवाशां’चे तिकीट

पाच वर्षांच्या करारनाम्याची मुदत भरली, मळेवाल्याशी हिशेब चुकता झाला आणि मायदेशी परतण्याऐवजी ज्याने मॉरिशस बेटावरच कायम वस्ती करण्याचा निश्चय केला, त्या हिंदी मजुराची सरकारदरबारी ‘जुना प्रवासी’ म्हणून गणना होई; आणि आगमनाच्या कागदांशी आपला संबंध संपला असे ज्याला साहजिकच वाटावे, त्याच्यावर त्या कागदांचा खरा अंमल तेथून पुढे सुरू होई.

१८३४ साली ‘अ‍ॅटलास’ जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले. त्यानंतरच्या पाऊण शतकात साडेचार लाखांहून अधिक स्त्रीपुरुष त्याच वाटेने आले. त्यांतील बहुसंख्य कलकत्ता व मद्रास बंदरांतून निघालेले असले, तरी मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरीकडील मराठी माणसेही होती. प्रत्येकाला एक क्रमांक मिळे, आणि नाव, बापाचे नाव, जात, वय, गाव व जहाज यांची नोंद दफ्तरात होई. करार चालू असेतो मजुराची ओळख पटवावयास मळेवाला होता; करार संपला की ती साक्ष सरे आणि उरे तो केवळ कागद.

१८६७ साली, हिवतापाची साथ बेटावर हजारोंचे प्राण घेत असतानाच, या कागदाला कायद्याने अतिशय कठोर रूप दिले. प्रत्येक जुन्या प्रवाशाने आपले छायाचित्र चिकटविलेले तिकीट जवळ बाळगले पाहिजे, राहत्या जिल्ह्याचा पोलिसी परवाना काढला पाहिजे, असा हुकूम सुटला. तिकिटासाठी रोजगार बुडवून पोर्ट लुईच्या कचेरीत खेटे घालावे लागत. ते हरवले तर दुसरे काढावयाचा खर्च महिना पाच रुपये कमावणाऱ्याच्या आवाक्याबाहेरचा असे. भाजीपाला पिकवून वा फेरी करून स्वकष्टाने पोट भरणारा माणूस हद्द ओलांडून शेजारच्या जिल्ह्यात सापडला आणि कागद कमरेला नसला, तर त्याला भटक्या ठरवून अटक होई. मुक्त माणसाला आपल्या मुक्ततेचा पुरावा घटकोघटकी मागणारा हा कायदा उघड अन्यायाचा होता. मळ्यांना स्वस्त हात हवे होते, आणि नव्या करारावर अंगठा उठविणे हीच या जाचातून सुटण्याची सोपी वाट मजुरापुढे ठेवलेली होती.

१८७१ साली आडोल्फ द प्लेव्हित्झ या युरोपियन गृहस्थाने या लोकांच्या वतीने अर्ज तयार केला, आणि त्यावर ९,४०१ जणांनी सह्या, निशाण्या केल्या. प्लेव्हित्झला त्यापायी मळेवाल्यांचा रोष सोसावा लागला. पण अर्ज वाया गेला नाही. पुढच्याच वर्षी राजाज्ञेने चौकशी आयोग आला, आणि १८७५ च्या त्याच्या अहवालाने पोलिसी धरपकडीचे वाभाडे काढले.

पूर्वजांनी धाकापोटी जपलेली ती तिकिटे आणि दफ्तरातील त्यांच्या नोंदी आज वंशजांच्या उपयोगी पडतात. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत हे दफ्तर सांभाळले आहे, आणि २०१५ साली युनेस्कोने त्याला जागतिक स्मृतिनोंदीत स्थान दिले. मॉरिशसमधील सातव्या पिढीपर्यंतच्या भारतवंशीयांना परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे कार्ड मिळण्याची सवलत २०२४ मध्ये जाहीर झाल्यापासून तर वंशावळीच्या दाखल्याला नवेच मोल आले आहे. शोधास येणाऱ्याजवळ पणजोबाचा क्रमांक असेल तर काम पुष्कळ सोपे होते. कारण कोकणातील नावे परभाषी कारकुनांनी कानाला लागली तशी उतरून घेतली, एकच माणूस दोन कागदांवर दोन नावांनी भेटतो, क्रमांक मात्र दोन्हीकडे तोच असतो.