इंग्रजी ‘नॉट’चा इतिहास : एका निषेधशब्दाची झीज आणि भरपाई

१

दोन नकार एकत्र आले म्हणजे होकार होतो, हा नियम इंग्रजीच्या अध्यापनात पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. तो व्याकरणाचा नियम म्हणून सांगितला जातो आणि त्याचे समर्थन तर्कशास्त्राच्या आधारे केले जाते. ज्या भाषकांच्या बोलीत एका वाक्यात दोन नकार येतात, त्यांना विचारही नीट करता येत नाही, असा निष्कर्षही त्यातून नकळत काढला जातो. हा नियम इंग्रजी भाषेच्या इतिहासाला कितपत धरून आहे, हे पाहण्यासाठी ‘नॉट’ या अगदी नित्याच्या शब्दाची पूर्वपीठिका तपासणे उपयुक्त ठरेल. या शब्दाची घडणच मुळी दोन नकारांच्या सहवासातून झालेली आहे.

२

प्राचीन इंग्रजीत निषेधाचे काम ‘ने’ हे लहानसे अव्यय करीत असे व ते क्रियापदाच्या आधी येई. काही क्रियापदांशी ते इतके एकजीव होई की, त्यातून स्वतंत्र निषेधरूपे तयार होत. ‘विटन’ म्हणजे जाणणे, तर ‘निटन’ म्हणजे न जाणणे. आपल्या जुन्या मराठीतील ‘नेणणे’ हे क्रियापद याच रीतीने घडलेले आहे. ‘नसणे’ या रूपातही ‘न’ आणि ‘असणे’ यांचा असाच सांधा दिसतो. आधुनिक इंग्रजीत ‘नेव्हर’ व ‘नन’ हे शब्द ‘ने’चा अवशेष उराशी बाळगून आहेत; परंतु स्वतंत्र अव्यय म्हणून ‘ने’ केव्हाच नामशेष झाले.

‘नॉट’चे मूळ निराळे आहे. ‘विख्त’ म्हणजे वस्तू किंवा प्राणी. त्याच्यामागे ‘कधीच नाही’ या अर्थाचे ‘ना’ किंवा ‘नो’ लागून ‘नाविख्त’, ‘नोविख्त’ असे शब्द झाले. ‘कोणतीही वस्तू नाही’, म्हणजेच ‘काहीही नाही’, हा त्यांचा अर्थ. पुढे त्यांचा संकोच होऊन ‘नोख्त’ आणि अखेरीस आजचे ‘नॉट’ हे रूप सिद्ध झाले. शून्य या अर्थाचा दीर्घ उच्चाराचा ‘नॉऽट’ हा शब्द याच कुळातला आहे. जर्मन ‘निख्ट’ व डच ‘नीट’ हीदेखील याच घडणीची रूपे होत. तात्पर्य, आज केवळ व्याकरणिक काम करणाऱ्या या शब्दाच्या पोटात एके काळी एक भरीव नाम होते.

३

हे नाम निषेधाच्या कामी कसे लागले? ‘ने’ हे उच्चारात दुबळे होते. नकार ठासून सांगावयाचा झाल्यास वक्त्यास आणखी काही जोडावे लागे. ‘मी काही म्हणत नाही’ या वाक्यातील ‘काही’ प्रमाणे हा शब्द प्रथम केवळ जोर देण्यासाठी आला. परंतु जोर देणारा शब्द वारंवार वापरला गेला की त्याचा जोर ओसरतो व तो सवयीचा भाग बनतो. मग नकाराचा भार त्याच्याकडेच सरकतो आणि मूळचा दुबळा शब्द अनावश्यक होऊन गळून पडतो.

डॅनिश भाषापंडित ओटो येस्पर्सन यांनी १९१७ साली प्रसिद्ध केलेल्या निषेधविषयक ग्रंथात ही प्रक्रिया प्रथमच व्यवस्थित मांडली. ओस्टेन डाल यांनी १९७९ साली तिला ‘येस्पर्सनचे चक्र’ असे नाव दिले. ‘मी म्हणत नाही’ या एका वाक्याच्या आधारे या चक्राचे टप्पे असे दाखविता येतात : प्राचीन काळी ‘इच ने सेज्जे’, मध्ययुगात ‘इ ने सेये नॉट’, नंतर ‘आय से नॉट’, त्यानंतर ‘आय डू नॉट से’, आणि शेवटी ‘आय डोन्ट से’.

फ्रेंचमध्ये हाच प्रवास घडला. तेथे ‘ने’च्या जोडीला ‘पाऊल’ या अर्थाचा ‘पा’ हा शब्द आला आणि आजच्या बोलीत ‘ने’ गळून एकटा ‘पा’ नकार दर्शवितो. मराठीतही ‘तिळमात्र शंका नाही’, ‘काडीची अक्कल नाही’ असे प्रयोग विपुल आहेत. म्हणजे लहानशा वस्तूचे नाव घेऊन नकार बळकट करण्याची प्रवृत्ती आपल्याकडेही आहे. फरक इतकाच की, मराठीत तीळ आणि काडी यांनी ‘नाही’ची जागा बळकावली नाही.

४

मध्ययुगीन इंग्रजीत एका वाक्यात अनेक नकार येणे हे अडाणीपणाचे लक्षण नव्हते. चॉसरने (मृत्यू १४००) ‘कँटरबरी टेल्स’च्या प्रास्ताविकात सरदाराच्या सभ्य वाणीचे वर्णन करताना एकाच वाक्यात चार निषेधशब्द योजले आहेत. त्यांचा परिणाम एकच : सरदार कोणाशीही कधीही असभ्य बोलला नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्याच वाक्यात ‘विख्त’चा वंशज ‘माणूस’ या अर्थाने स्वतंत्रपणेही आलेला आहे. येथे नकार एकमेकांना छेदत नाहीत, तर एकमेकांस दुजोरा देतात. आजही प्रमाण रशियन व स्पॅनिश भाषांत हीच रीत शिष्टसंमत आहे.

प्रमाण इंग्रजीच्या लेखनातून ही रीत मागे पडली ती मुख्यतः व्याकरणकारांचा दंडक रूढ होण्यापूर्वीच. १७११ मध्ये जेम्स ग्रीनवुड यांच्या व्याकरणात आणि १७६२ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या रॉबर्ट लाउथ यांच्या व्याकरणाच्या पुढील आवृत्तीत ‘दोन नकार म्हणजे होकार’ हे तत्त्व नमूद झाले, तेव्हा सुशिक्षितांच्या लेखणीने ते बव्हंशी आधीच आचरणात आणले होते. व्याकरणकारांनी जे केले ते इतकेच की, एका वर्गाच्या रूढीला तर्काचे अधिष्ठान दिले. त्यामुळे ज्यांच्या बोलीत जुनी रीत टिकली, ते लोक केवळ वेगळे न ठरता चुकीचे ठरले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या इंग्रजीतील निषेधाची नियमबद्धता विल्यम लबॉव्ह यांनी १९७२ मध्ये सविस्तर दाखवून दिली. या बोलीत तर्काचा अभाव नाही. तिचा नियम निराळा आहे.

शिवाय प्रमाण इंग्रजीतही दोन नकार एकमेकांस पूर्णपणे छेदीत नाहीत. ‘नॉट अनकॉमन’ म्हणजे ‘सर्रास आढळणारे’ नव्हे. ‘अगदीच दुर्मिळ नसलेले’ असा त्याचा सावध अर्थ आहे. बीजगणितातील उणे चिन्हाचा न्याय येथे लागू पडत नाही.

५

‘ने’ गेल्यावर ‘नॉट’ क्रियापदाच्या मागे उरले. परंतु नकाराची सूचना मुख्य क्रियापदाच्या आधीच मिळावी, ही प्रवृत्ती भाषांत प्रबळ असते. ‘डू’ या साहाय्यक क्रियापदाने ती सोय केली. या प्रयोगाचा प्रसार अल्व्हार एलेगोर्ड यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात आकडेवारीनिशी दाखविला आहे. सोळाव्या शतकात तो झपाट्याने वाढला आणि अठराव्या शतकात स्थिरावला. ‘नो’, ‘डाउट’, ‘केअर’ यांसारख्या नित्य वापरातील क्रियापदांनी जुनी रचना दीर्घकाळ जपली. शेक्सपिअरच्या नाटकांत दोन्ही रचना शेजारीशेजारी नांदताना दिसतात.

त्यानंतर ‘नॉट’ची पुन्हा झीज सुरू झाली व सतराव्या शतकात ‘डोन्ट’, ‘कान्ट’ अशी रूपे लेखनात दिसू लागली. झ्विकी व पुलम यांनी १९८३ मध्ये असे प्रतिपादन केले की, हा अंत्य ‘न्ट’ आता केवळ संक्षेप नसून प्रत्यय झालेला आहे. ‘विल’चे ‘वोन्ट’ होणे हे कोणत्याही सामान्य ध्वनिनियमाने सांगता येत नाही. तसेच प्रश्नवाक्यात ‘न्ट’ क्रियापदाबरोबर कर्त्याच्या पुढे जातो. प्राचीन काळी क्रियापदाच्या डोक्यावर बसलेला नकार अशा रीतीने आता त्याच्या शेपटाला चिकटला आहे.

मराठीतही जुने ‘न करी’ मागे पडून ‘करीत नाही’ रूढ झाले. मात्र आपले ‘नाही’ हे ‘नाहीस’, ‘नाहीत’ असे चालते, कारण त्यात ‘असणे’ या अर्थाचे क्रियापद मुरलेले आहे. नामापासून निघालेल्या ‘नॉट’ला असे चालविता येत नाही. म्हणूनच इंग्रजीत ‘मस्ट नॉट’ व ‘नीड नॉट’ यांतील भेद साहाय्यक क्रियापदावर सोपवावा लागतो, तर मराठीत ‘करू नये’ व ‘करायला नको’ असे निषेधशब्दच निराळे येतात.

६

‘नॉट’च्या या इतिहासावरून एक गोष्ट स्पष्ट होते. जोर देण्यासाठी येणारा दुसरा नकार हा भाषेतील बिघाड नव्हे. निषेधाची झीज भरून काढण्याचे ते साधनच आहे. आज शुद्ध मानला जाणारा ‘नॉट’ एके काळी असाच जादा नकार होता. प्रमाण भाषेचे नियम शिकविणे हे अध्यापकाचे कर्तव्य आहे. पण ते रूढीचे नियम म्हणून शिकवावेत. त्यांना तर्काची मोहोर लावून बोलीच्या भाषकांना बुद्धिहीन ठरविण्याचा अधिकार इतिहास आपणास देत नाही.